दादाच्या गाडीतला डग्गा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विजेवर लेख लिहावा हा आगाऊपणाच आहे, हे मला मान्य आहे. ओहमचा नियम मी दहावीला पाठ केला, उत्तरपत्रिकेत उतरवला आणि निकालाच्या दिवशी विसरून गेलो. गेल्या वर्षी मात्र तो पुन्हा शोधून काढावा लागला, तोही दादाच्या गाडीपायी. आपल्या महाविद्यालयाच्या वाहनतळावर हल्ली जी दाटी असते ती पाहता, गाडीत पहिल्यांदाच ॲम्प्लिफायर बसवू पाहणारे मित्र आपल्यातही पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी हा खटाटोप.

दादा कराडहून भाड्याची गाडी चालवतो. गाडी कर्जाची, हप्ते अजून चालू आहेत. पूर्वी तो गावच्या भजनी मंडळात तबला वाजवायचा. तबला सुटला, पण कान सुटला नाही. गाडीतल्या टेपवर अभंग लागला की त्याची एकच तक्रार : ''अरे, चाट ऐकू येते, पण डग्गा कुठं जातो?''

डग्गा खरोखरच हरवत होता. धावत्या गाडीत टायरांची आणि रस्त्याची जी घरघर असते, ती मुख्यतः खालच्या, खर्जाच्या पट्टीतली असते. ती डग्ग्याला गिळून टाकते. त्यातून खर्जाचा स्वर म्हणजे स्पीकरच्या पडद्याने पुष्कळ हवा हलवणे. त्याला शक्ती जास्त लागते. आवाज वाढवावा तर झांज कान फाडते आणि डग्गा नुसताच फडफडतो. तेव्हा दादाची मागणी कानठळ्या बसवण्याची नव्हती, डग्गा परत मिळवण्याची होती. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण ॲम्प्लिफायर कशासाठी हवा हे ठरवले नाही की दुकानदार ते आपल्यासाठी ठरवतो. आमचे तसेच झाले. एका दुकानातून आम्ही खोक्यावर '३००० वॅट' असे झळकणारा ॲम्प्लिफायर घेऊन आलो, आणि वायर जोडणीसकट सगळे तासाभरात उरकले.

महिनाभराने पुण्याहून परतताना खंबाटकीचा घाट चढत असता गाडीत जळका वास सुटला. मागच्या सीटवर दवाखान्यातून घरी निघालेले आजी-आजोबा होते. दादाने गाडी कडेला घेतली, दोघांना खाली उतरवले, बॉनेट उघडले आणि दहाच्या पान्याने बॅटरीचे टर्मिनल सोडवले. इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून नेलेली वायर पत्र्याच्या धारेला घासून सोलली होती, आणि हातभर लांबीचे तिचे आवरण वितळले होते. अजून थोडा उशीर झाला असता तर काय झाले असते, हे दादाने घरी कोणाला सांगितले नाही. मीही आजवर सांगितले नव्हते.

फ्यूज होता की! पण तो ॲम्प्लिफायरवर, वायरच्या पलीकडच्या टोकाला. इथेच पहिली गोष्ट समजून घेतली पाहिजे. बॅटरीजवळचा फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवण्यासाठी नसतो, तो वायर वाचवण्यासाठी असतो. वायर मध्येच पत्र्याला टेकली तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह सोडते, आणि तो प्रवाह पलीकडच्या फ्यूजपर्यंत पोचतच नाही. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा आणि पत्र्याच्या भोकात रबरी कडे हवे. दोन्ही वस्तू किरकोळ किमतीच्या. आमच्या गाडीत दोन्ही नव्हत्या.

वायरचे एवढे प्रस्थ का, याचे उत्तर बॅटरीच्या व्होल्टमध्ये आहे. घरात २३० व्होल्ट असतात. २३० वॅटचे यंत्र चालवायला एक अँपिअर पुरतो. गाडीत १२ व्होल्ट. तेवढ्याच कामाला तिथे १९ अँपिअर लागतात. घरची इस्त्रीसुद्धा इतका प्रवाह ओढत नाही. बारीक वायरीतून असा प्रवाह नेला तर ती तापते आणि व्होल्ट वाटेतच खाते. अडीच चौरस मिलिमीटरची, पाच मीटर लांबीची तांब्याची वायर २५ अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट गिळते. दिसायला जाड पण आतून ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा, अशीही वायर बाजारात मिळते. तिचा विरोध तांब्याच्या साधारण दीडपट. सुरीने टोक खरवडले की आतला पांढरा रंग दिसतो. आम्ही नंतर आठ चौरस मिलिमीटरची निखळ तांब्याची वायर घातली.

आता त्या ३००० वॅटकडे वळू. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. म्हणजे आमच्या सीटखाली चार घोडे बांधलेले होते! गंमत अशी की वाफेची इंजिने विकताना घोड्यांचा हिशेब गिऱ्हाइकांपुढे मांडणारा जेम्स वॅट, त्याचेच नाव या एककाला दिले आहे. घोडे खरे की खोटे हे तपासायला खोके बाजूला ठेवावे आणि यंत्रावरचा फ्यूज पाहावा. आमच्यावर २५ अँपिअरचा होता. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. २५ गुणिले १४.४ म्हणजे ३६० वॅट. त्यातले निम्मे या जुन्या धाटणीच्या, 'एबी' वर्गातल्या यंत्रात उष्णता होऊन जातात. उरले दोनशेच्याही आत. चौघांत वाटले की प्रत्येक स्पीकरला पन्नासही नाहीत. हिशेब ढोबळ आहे, पण ३००० आणि २०० यांतला फरक दिसायला तेवढा पुरे.

टेपच्या खोक्यावरचे '५० वॅट गुणिले ४' हेही असेच. १४.४ चा वर्ग करा, त्याला स्पीकरच्या ४ ओहमने भागा : ५१.८ येतात. जर्मनीतले शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली ग्रंथात मांडलेल्या नियमातूनच हे निघते. पण हे पन्नास वॅट केव्हा मिळतील? टेप सतत पूर्ण व्होल्ट रेटत असेल तेव्हा, म्हणजे स्वराच्या लाटेचे माथे छाटून ती सपाट झाली असेल तेव्हा. त्याला गाणे म्हणत नाहीत. निर्दोष लाटेसाठी आकडा निम्म्यावर, सव्वीसवर येतो, आणि प्रत्यक्षात हाती पडतात अठरा-वीस. वेगळा ॲम्प्लिफायर हवा तो यासाठीच, कारण तो बॅटरीचे व्होल्ट आधी आपल्या पोटात वाढवून घेतो.

मग खरा आकडा कोणता? माहितीपत्रकात 'आरएमएस' या अक्षरांपुढचा. ही यंत्राला सातत्याने देता येणारी शक्ती. अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने २००३ साली यासाठी सीईए-२००६ हे मानक काढले (२००६ हा मानकाचा क्रमांक, साल नव्हे, आता त्याला सीटीए-२००६ म्हणतात). १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि एक टक्क्याहून जास्त विकृती नाही, अशा अटींवर ते शक्ती मोजायला लावते. हे नाव पत्रकात दिसले तर आकड्यावर भरवसा ठेवावा.

दुसऱ्या खेपेला आम्ही आधी स्पीकर पाहिले. ते ४ ओहमचे, ६० वॅट आरएमएसचे होते. म्हणून चार वाहिन्यांचा, ४ ओहमला दर वाहिनीस ५० वॅट आरएमएस देणारा ॲम्प्लिफायर निवडला. माझ्या मते नवख्याला एवढा भरपूर आहे. वॅट दुप्पट केले तरी आवाज तीन डेसिबलनेच वाढतो. दुप्पट मोठा वाटायला दसपट वॅट लागतात. तेव्हा ५० की ७५ यावर दुकानात घासाघीस करण्यात अर्थ नाही. वर्ग मात्र 'डी' घेतला. त्यात विजेचा जवळपास ऐंशी टक्के उपयोग होतो आणि यंत्र कमी तापते. दादाच्या गाडीत दिवसभर एसी चालू आणि यंत्र सीटखाली कोंडलेले. अल्टरनेटरवर उगाच भार नको. शिवाय कंपनीचा टेप तसाच ठेवायचा होता, म्हणून स्पीकरच्या वायरींतूनच संकेत घेण्याची सोय त्यात आहे ना, तेही पाहिले. दोन स्पीकर एकाच वाहिनीला समांतर जोडले की ४ ओहमचे २ होतात. तेवढे यंत्राला झेपते का, हेही पत्रकात दिलेले असते.

बसवताना 'गेन' नावाची खुंटी लागली. तिला सगळे आवाजाची खुंटी समजतात. मीही समजत होतो. ती टेपकडून येणारा संकेत आणि ॲम्प्लिफायर यांची सांगड घालण्यासाठी आहे. टेपचा आवाज पाऊण भागापर्यंत नेऊन गेन सावकाश वाढवायचा, स्वर फाटू लागला की थोडा मागे घ्यायचा आणि पुन्हा हात लावायचा नाही. हे काम दादाने केले. स्वर कुठे फाटतो हे माझ्याआधी त्याला कळते. मग फिल्टर ८० हर्ट्झच्या किंचित खाली ठेवला, म्हणजे दाराच्या स्पीकरला न पेलणारा अगदी तळाचा खर्ज त्याच्याकडे जात नाही. दाराच्या आतली मोठी भोकेही बुजवली. पडद्यामागची हवा पुढच्या हवेला मारक ठरते, आणि डग्गा निम्मा तिथेच मरत होता.

आता पुढचे दोन स्पीकर दोन वाहिन्यांवर आहेत. मागच्या दोन वाहिन्या एकत्र जोडून पुढेमागे सब-वूफर बसवता येईल, म्हणून त्या मोकळ्या ठेवल्या आहेत. हप्ते फिटले की बघू, असे दादा म्हणतो. परवा घाटात त्याने अभंग लावला आणि स्टिअरिंगवर डाव्या हाताची बोटे डग्ग्याबरोबर पडू लागली. मी त्याला समोर बघून चालवायला सांगितले.