वांग्यावरचा नाहक आळ

भाईंदरहून उत्तनकडे जाताना मुर्धे, राई, मोरवा ही गावे लागतात. त्या बाजूच्या भाजीवालीच्या पाटीतले तुकतुकीत वांगे उचलून, "हे गावठी नव्हे, बीटी आहे, हल्ली सगळेच बीटी" असा निवाडा देणारे सुशिक्षित गृहस्थ इतके भेटतात, की या आळाची एकदा रीतसर तपासणी झालेली बरी.

आपल्या देशात व्यापारी लागवडीसाठी शेतकऱ्यांच्या हाती पोचलेले जनुकपरिवर्तित पीक एकच, आणि ते म्हणजे २००२ साली मंजूर झालेला बीटी कापूस. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने सिद्ध केलेल्या बीटी वांग्यास ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने अनुकूल कौल दिला होता खरा. परंतु नागपुरासह सात शहरांत जनसुनावण्या घेऊन तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यास बेमुदत स्थगिती दिली. पुढे २०१९ मध्ये हरियाणात चोरट्या लागवडीचा प्रकार उघडकीस आला. पण त्यावरून मोरव्याच्या वांग्यावर फिर्याद गुदरता येत नाही.

मग ते तुकतुकीत वांगे कोणते? बहुधा संकरित. एकाच पिकाच्या दोन वाणांचा परागाद्वारे संयोग घडविणे हा संकर. 'बीटी' हे ज्याचे लघुनाव, त्या मातीतल्या जिवाणूचे जनुक कपाशीच्या पेशीत बसविणे हे जनुकपरिवर्तन. या दोहोंची गल्लत करणे म्हणजे सोयरीक आणि दत्तकविधान एकच मानणे होय. खाऱ्या जमिनीत तग धरणारी 'पनवेल' मालिकेतील भातेही संकरातूनच निघाली आहेत, त्यांना कोणी बीटी म्हणत नाही. आणि नवल असे, की वांग्याला नाक मुरडणारे हेच गृहस्थ जनुकपरिवर्तित सूक्ष्मजीवांकडून करवून घेतलेले, १९८२ पासून प्रचारात असलेले इन्सुलिन बिनतक्रार टोचून घेतात, आणि बीटी कपाशीच्याच सरकीच्या तेलात तळलेले फरसाणही चवीने खातात!

असाच आळ बिनबियांच्या द्राक्षांवरही येतो; पण ती निसर्गातल्या उत्परिवर्तनाची, कलमांनी वाढविलेली. बीटी बी 'वांझ' असते ही आवईच. पुढच्या पिढीत न उगवणारे 'टर्मिनेटर' बियाणे जगात कोठेही बाजारात आलेले नाही.

नीतीचा खरा प्रश्न निराळा आहे. बियाण्याची मालकी कोणाची, चाचण्यांचे दफ्तर जनतेस खुले आहे काय, आणि २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीही पोखरली, त्या नुकसानीची जबाबदारी कोणाची? पीकवाणांच्या व शेतकरी हक्कांच्या संरक्षणासाठी झालेल्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा आणि नाममुद्रेविना विकण्याचाही हक्क दिला आहे. वाद घालावयाचा तर या हक्काच्या अंमलबजावणीवर घालावा, भाजीवालीला सोडावे.