‘आपल्यापुरती’ बिअर आणि कायदा

डिसेंबरच्या सुट्टीत वाई-मेणवलीत, धोमच्या पाण्याकाठी मित्रमंडळी जमली की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘घरची बिअर आहे, विकायची थोडीच आहे? आपल्यापुरती केली तर चालते.’ सांगणारे शिकलेले असतात, ऐकणारे माना डोलावतात. कायदा मात्र कोणी उघडून बघत नाही.

चालत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मधल्या ‘दारू’च्या व्याख्येत बिअर नाव घेऊन आलेली आहे. कलम १२ दारू तयार करायलाच मनाई करतं. परवाना असेल तरच सूट. ‘विकण्यासाठी’ अशी अट या मनाईला जोडलेली नाही. विकणं हा वेगळा गुन्हा आहे. कलम ६५ खाली दारू गाळण्या-बनवण्याचं साहित्य आणि भांडी त्या हेतूने बाळगणंही येतं, आणि शिक्षेत तुरुंगवास आहे. हातभट्टीवरच्या छाप्याच्या बातमीत आपण जे कलम वाचतो, तेच बंगल्याच्या स्वयंपाकघरातल्या वीस लिटरच्या पिंपालाही लागू होतं. ‘मग पुण्यात मायक्रोब्रुअरी कशा चालतात?’ असं लगेच विचारलं जातं. त्या राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घेऊन आणि शुल्क भरून चालतात.

हा समज आला कुठून, तेही उघड आहे. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, बिअर करमुक्त बनवता येऊ लागली. तिकडे राहणारे भाऊ-भाचे नाताळच्या सुट्टीत गावी येतात, तिथला अनुभव सांगतात आणि तो इथला नियम समजला जातो. आपल्याकडे मद्य हा राज्यांचा विषय आहे. हौशी लोकांना थोड्या प्रमाणात परवानगी मिळावी, असं माझंही मत आहे. वाईची थंडी या कामाला अनुकूलच आहे. एल जातीच्या बिअरचं यीस्ट १८ ते २२ अंशांत उत्तम काम करतं. पण मत म्हणजे परवाना नव्हे.

बाकीचे समज थोडक्यात.

‘घरच्या बिअरने डोळे जातात.’ धान्य आंबवताना मिथेनॉल नगण्य तयार होतं. २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने.

‘घरची म्हणजे हलकी.’ किती साखर आंबली त्यावर कडकपणा ठरतो; हायड्रोमीटरने मोजल्याशिवाय तो कळत नाही. आंबणं पुरतं थांबण्याआधी बाटल्या बंद केल्या, तर त्या फुटतात.

‘थंडीत ऊब येते.’ त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून तसं वाटतं. शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते, हे तंबूत झोपणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावं.

‘एका बिअरने काय होतंय, पसरणी घाट रोजचाच आहे.’ पाच टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे २५ ग्रॅम अल्कोहोल असतं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. सत्तर किलोचा माणूस एवढी बाटली भरभर प्यायला, तर ती सहज ओलांडतो. ते उतरायला तास लागतात. कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेळ कमी होत नाही.