जव्हार-मोखाडा : धबधब्याच्या पलीकडे

बोईसर-तारापूरहून पावसाळ्यात जव्हारकडे निघालेल्या कितीतरी गाड्या दाभोसा धबधबा पाहून परततात. पण या डोंगरांची खरी श्रीमंती इथल्या माणसांत आहे, आणि ती एकसाची नाही. वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी असे समाज इथे शेजारी राहतात. वारल्यांच्या घरी लग्न निघालं की सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक ‘लिहितात’. त्यात पालघट देवी असते. कातकऱ्यांचं नावच खैरापासून कात काढण्याच्या जुन्या धंद्यावरून पडलं. बोहाडा या उत्सवात मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं नाचतात. आणि जव्हारला १९४८ पर्यंत मुकणे या कोळी घराण्याचं संस्थान होतं. हे सगळं ‘आदिवासी’ या एका शब्दात कोंबलं, तर हाती काहीच लागत नाही.

कुणी म्हणेल, पर्यटक आले की संस्कृतीचा तमाशा होतो. भीती खरी आहे, पण उपाय दूर राहणं नव्हे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तरी लग्नाचा चौक संपला नाही. दुसरा आक्षेप गरिबीचा : पाणी आणि रोजगारासाठी झगडणाऱ्या भागात सहलीला कसं जावं? म्हणूनच जेवण पाड्यावर घ्यावं, चित्र थेट कलाकाराकडून घ्यावं, फोटोआधी परवानगी मागावी. पाहुणा पाहुण्यासारखा वागला, तर यजमानाचा मान राहतो.