पहिला ग्राहक आणि त्याची पावती



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्या गुरुजींनी मला अंकगणित शिकविले. शाळेच्या भांडाराचा हिशेबही तेच पाहत. खडूचा डबा आणावयास त्यांनी बाजारात पाठविले, की परत आल्यावर ते आधी हात पुढे करून पावती मागत आणि डब्याकडे नंतर पाहत. पावती नसेल तर उन्हातान्हात पुन्हा दुकानात जावे लागे. त्या वयात आम्हांला हा त्यांचा विक्षिप्तपणा वाटे. साठी उलटल्यावर एका दुचाकीने मला त्याचा अर्थ समजाविला. मी वकील नाही आणि यंत्रशास्त्राचा जाणकारही नाही. जे भोगले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, विचारले, तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहे. विषय आहे विजेच्या नव्या वाहनांचा पहिला ग्राहक आणि त्याला कायद्याने दिलेले संरक्षण.

दोन दुचाक्या

विजेच्या वाहनांशी आपल्या जिल्ह्याचे नाते जुनेच म्हणावे लागेल. मोटरच्या वेटोळ्यांना लागणारे तांबे मलाजखंडच्या खाणीत निघते आणि काही प्रकारच्या लिथियम बॅटऱ्यांत वापरले जाणारे मँगनीज भरवेलीला. पण आपल्या मातीतून गेलेला धातू वाहन होऊन परत येतो, तेव्हा त्याच्यासोबत दुरुस्तीची सोय येतेच असे नाही.

मार्च २०२२ मध्ये मी नागपूरच्या एका विक्रेत्याकडून विजेची स्कूटर घेतली. एकदा चार्ज केली की १२० किलोमीटर जाईल, असे जाहिरातीत म्हटले होते. मला सत्तरच्या पुढे कधी मिळाले नाहीत. ते मी सोसले. मे महिन्यात मात्र बालाघाटहून परतताना भर दुपारी ती रस्त्यातच बंद पडली आणि तासाभराने आपोआप सुरू झाली. असे पुन्हा पुन्हा होऊ लागले. चार वेळा ती टेम्पोत घालून सिवनीमार्गे नागपूरला नेली. कधी सॉफ्टवेअर बदलले म्हणून सांगितले, कधी बॅटरी कंपनीकडून यायची आहे म्हणून. त्यात अकरा महिने गेले.

दुसरी दुचाकी माझी नव्हती. गावात दुधाचे रतीब घालणारा माझा एक माजी विद्यार्थी आहे. सरांनी घेतली म्हणजे वस्तू चांगलीच असणार, एवढ्या विश्वासावर त्याने जूनमध्ये उसनवारीवर एक स्वस्त, कमी वेगाची विजेची गाडी जवळच्या शहरातून घेतली. वर्ष संपायच्या आत तिची बॅटरी निकामी झाली. दुकानदाराने दिलेली पावती साध्या कागदावरची होती. तीवर ना जीएसटी क्रमांक, ना गाडीचा क्रमांक. हमीपत्रावर शिक्काच नव्हता. उसने घेतलेले पैसे मात्र त्याला फेडावेच लागले. लहान गावात शिक्षकाने केलेली खरेदी ही आपोआप शिफारस ठरते, हे मला त्या वेळी उमगले नाही. आज येथे बोलण्याचे खरे कारण तेच आहे.

पहिला ग्राहक काय विकत घेतो

कोणतीही नवी वस्तू पहिल्याच दिवशी परिपूर्ण नसते. कारखान्यातील चाचणीत जे दिसत नाही, ते आपल्याकडच्या उन्हात, पावसात, खड्ड्यांत आणि कमी-जास्त होणाऱ्या विजेवर दिसते. म्हणजे पहिला ग्राहक वस्तू वापरतो आणि त्याच वेळी तिची परीक्षाही घेतो. २००१ साली बंगलोरची रेवा ही छोटी विजेची मोटार ज्यांनी घेतली, त्यांनी हेच केले. तशी माणसे नसती तर पुढची सुधारलेली वाहने झालीच नसती. म्हणून त्यांना हौशी किंवा उतावळे म्हणून हिणवणे मला योग्य वाटत नाही.

शासनानेही अशा ग्राहकाला पुढे येण्यास उत्तेजन दिले. 'फेम' योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून सुरू झाला. जून २०२१ मध्ये दुचाकीवरील अनुदान बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासामागे १०,००० रुपयांवरून १५,००० रुपये करण्यात आले, आणि पाहता पाहता अनेक कंपन्या बाजारात उतरल्या. काहींना गाड्या बनविण्याचा अनुभव होता, तर काही बाहेरून आलेले भाग जोडण्यापलीकडे फारसे काही करीत नव्हत्या. ग्राहकाला मात्र दोन्ही गाड्या सारख्याच चकचकीत दिसत.

याची किंमत लवकरच दिसली. माझी स्कूटर घरी आली त्याच महिन्यात पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, आणि तमिळनाडूत वेल्लोर येथे चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीत एका घरातील बाप-लेक मरण पावले. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकला कंटेनरमधून निघालेल्या चाळीस स्कूटरींपैकी वीस जळाल्या. लिथियम बॅटरीचा एखादा कोश आतून बिघडला, की त्याची उष्णता शेजारच्या कोशाला लागते, त्याची त्याच्या शेजाऱ्याला, आणि ही साखळी मग पाण्यानेही सहज थांबत नाही. कोशांवर लक्ष ठेवणारी, तापमान वाढताच वीज तोडणारी एक यंत्रणा बॅटरीत असते. ती चांगली असेल तर गाडी बंद पडते आणि माणूस वाचतो. माझी गाडी उन्हात थांबत असे, ते या दृष्टीने कदाचित बरेच होते. पण तसे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही.

त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेची मानके कडक करण्यात आली. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. म्हणजे आज गाडी घेणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते आधीच्या ग्राहकांच्या नुकसानीतून आले आहे. नवी वस्तू घेण्याची उत्सुकता म्हणजे नुकसान सोसण्याची संमती नव्हे, हा मुद्दा मला आग्रहाने मांडावयाचा आहे.

कायदा काय देतो

ग्राहक चळवळ आपल्या मराठी माणसांना परकी नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत स्थापन केली. १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला.

आपल्यासारख्या सीमेवरच्या जिल्ह्याला या नव्या कायद्याची एक तरतूद फार मोलाची आहे. १९५६ साली राज्ये बदलली, बालाघाट मध्यप्रदेशात राहिले, पण आपली सोयरीक आणि बाजारहाट गोंदिया-नागपूरशी चालूच राहिली. जुन्या कायद्यानुसार नागपूरच्या दुकानदाराविरुद्धची तक्रार साधारणपणे नागपूरलाच करावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मी माझी तक्रार बालाघाटला केली. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ५ लाखांपर्यंत कोणतेही शुल्क लागत नाही. वकील असलाच पाहिजे असेही नाही.

सदोष वस्तूबद्दल आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. उत्पादनाच्या दायित्वाचे एक वेगळे प्रकरणही या कायद्यात आहे. बॅटरी पेटून माणसाला इजा झाली किंवा घर जळाले, तर उत्पादकावर त्याखाली जबाबदारी येते. रचनेतील दोष आणि पुरेशा सूचना न देणे हेही त्यात मोडते. मात्र खुद्द गाडीचे नुकसान त्या प्रकरणात येत नाही. त्यासाठी सदोष वस्तूची नेहमीची तक्रारच करावी लागते.

येथे एका गैरसमजाबद्दल सांगितले पाहिजे. गाडी बिघडली म्हणजे नवी गाडी मिळाली, असे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योगाच्या प्रकरणात सांगितले, की हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे वचन असेल, तर एवढ्यावरून संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ साली असा कायदा केला, की ठरावीक वेळा दुरुस्ती करूनही नवी गाडी सुधारली नाही तर ती बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. आपल्याकडे खेपांची अशी संख्या ठरविणारा कायदा नाही. म्हणून दोष मुळातला आहे आणि तो वारंवार उद्भवला, हे कागदोपत्री दाखवावे लागते.

दुसरी गोष्ट विक्रेता आणि उत्पादक यांची. गोव्यातील एका ग्राहकाला विक्रेत्याने नवी म्हणून दोन वर्षांपूर्वी तयार झालेली मोटार दिली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने विक्रेत्याच्या चुकीसाठी उत्पादकाला जबाबदार धरले नाही. कारण उत्पादकाची नेमकी चूक तक्रारीत मांडलेली नव्हती. तेव्हा तक्रारीत दोघांनाही पक्षकार करावे आणि कोणाचे काय चुकले, ते वेगवेगळे लिहावे.

तक्रारीचे मोल

पुष्कळ लोक म्हणतात, एकट्याने तक्रार करून काय होणार? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली केलेल्या दुरुस्तीने सदोष वाहने परत मागविण्याचा अधिकार केंद्र शासनाला मिळाला, आणि त्यासाठी ग्राहकांच्या तक्रारींचे प्रमाण मोजले जाते. गप्प बसलेला ग्राहक त्या मोजणीत धरलाच जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस दिली, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात आलेल्या १०,६४४ तक्रारींच्या आधारे. बहुतेक सर्व तक्रारींचे निवारण केल्याचे कंपनीने सांगितले. ते काहीही असो, कंपनीला उत्तर द्यावे लागले, ते १९१५ हा क्रमांक फिरविणाऱ्या सामान्य माणसांमुळे.

तक्रारीला उशीर मात्र करू नये. हीरो इलेक्ट्रिक ही या धंद्यातील आरंभीची मोठी कंपनी. तिच्यावर डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. अशा प्रक्रियेच्या काळात कंपनीविरुद्धचे दावे स्थगित राहतात. हमीपत्र कितीही वर्षांचे असो, ते देणाराच अडचणीत आला तर ते हाती नुसते धरून बसावे लागते.

कागदांचा हिशेब

माझ्या प्रकरणाचे काय झाले, ते सांगून संपवितो. माझ्याजवळ पक्की पावती होती, जाहिरातीचे पान होते, टेम्पोच्या भाड्याच्या चिठ्ठ्या होत्या, आणि गाडी कोणत्या दिवशी, कोठे, किती तापमानात बंद पडली याची वही होती. तरीही माझ्या हातून एक चूक झाली होती. दुसऱ्या खेपेला सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर 'वाहन समाधानकारकरीत्या दुरुस्त होऊन मिळाले' असे छापलेले होते, आणि गाडी चालवून न पाहताच मी खाली सही केली. आयोगापुढे विरुद्ध पक्षाने सर्वांत आधी तोच कागद काढला. नंतरच्या दोन खेपांची जॉब कार्डे नसती, तर माझी बाजू तेथेच ढासळली असती. शेवटी मध्यस्थीत तडजोड झाली. नवी बॅटरी आणि वाहतुकीचा खर्च मिळाला. गेलेले अकरा महिने मिळाले नाहीत.

हे कळल्यावर दूध घालणारा तो विद्यार्थी २०२५ च्या आरंभी आपले कागद घेऊन माझ्याकडे आला. पोट भरण्यासाठी स्वतः वाहन चालविणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच असतो. व्यापारासाठी घेतले म्हणून त्याला डावलता येत नाही. पण तक्रारीची मुदत दोन वर्षांची, आणि ती उलटली होती. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो, तसा अर्ज मी लिहूनही दिला. त्याने तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "राहू द्या सर. पावतीच नाही, तर कशाच्या जोरावर बोलू?" तो अर्ज त्याने दाखल केला नाही.

आम्हा दोघांच्या गाड्या बिघडल्या होत्या आणि कायदा दोघांनाही एकच होता. फरक पडला तो कागदांनी आणि वेळेने. पावती मागण्याची सवय गुरुजींनी मला लावली होती. मी त्याला तीन वर्षे गणित शिकविले, पण ती सवय लावली नाही, आणि तो माझ्यावर विसंबून खरेदीला निघाला तेव्हा दोन शब्द सांगितलेही नाहीत. तेव्हा माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की नवी वाहने अवश्य घ्या. पण पक्की पावती, शिक्का असलेले हमीपत्र आणि प्रत्येक जॉब कार्ड जपा, चालवून पाहिल्याशिवाय सही करू नका, आणि दोष दिसताच लेखी कळवा. आणि आपले पाहून कोणी शेजारी तीच वस्तू घ्यायला निघाला, तर त्यालाही एवढे सांगा.