काचेच्या दाराआड : अतिदक्षता विभागातील शुश्रूषेचा दर्जा

आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रात्र काढली असेल. आत आपलं माणूस, मध्ये काचेचं दार आणि दिवसातून दोनदा दहा मिनिटांची भेट. काही वर्षांपूर्वी माझी आई अशीच बारा दिवस आत होती. न्यूमोनिया बरा झाला. पण घरी आणल्यावर कंबरेखाली तळहाताएवढी जखम दिसली. औषधं उत्तम होती, यंत्रंही होती. कूस बदलायचं तेवढं राहून गेलं होतं. तेव्हापासून या विषयाची माहिती मिळवत गेले, ती सभासदांसाठी थोडक्यात देते आहे.

दर्जा मोजायचा कसा? अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली सांगितलेले तीन भाग आजही मानले जातात : रचना, प्रक्रिया आणि परिणाम.

रचना म्हणजे माणसं आणि साधनं. यात सर्वांत महत्त्वाचं, एका नर्सकडे किती रुग्ण? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक नर्स असावी, असा आपल्याकडचाही मान्य निकष आहे. हे प्रमाण बिघडलं की पुढचं सगळं बिघडतं.

प्रक्रिया म्हणजे रोजची कामं, ठरल्या वेळी आणि ठरल्या पद्धतीने. प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात स्वच्छ करणं. मनाई नसेल तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवणं, म्हणजे पोटातलं फुप्फुसात जाण्याचा धोका कमी होतो. तोंडाची स्वच्छता. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं आणि त्वचा तपासणं. लघवीची नळी आज खरोखर हवी का, हे रोज विचारणं. पाळी बदलताना रुग्णाची माहिती खाटेजवळ उभं राहून पुढच्या सिस्टरला देणं.

परिणाम म्हणजे या सगळ्याचा हिशेब : किती जणांना नळीमुळे संसर्ग झाला, किती जणांना शय्याव्रण झाले, औषधात किती चुका झाल्या.

साध्या गोष्टींनी किती फरक पडतो, हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात दिसलं. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टींची यादी केली : हात धुणं, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं. तातडीची वेळ नसेल आणि डॉक्टरांकडून यातली पायरी सुटली, तर त्यांना तिथेच थांबवायचं, असंही ठरलं. शंभरावर अतिदक्षता विभागांत हे राबवल्यावर रक्तातल्या संसर्गाचं प्रमाण ६६ टक्क्यांपर्यंत घटलं. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं.

आपल्या देशात रुग्णालयांना मानांकन देणारी संस्था म्हणजे एनएबीएच. मानांकन असलेलं रुग्णालय निवडणं चांगलंच. पण भिंतीवरच्या प्रमाणपत्राने रात्री तीन वाजता कूस बदलली जात नाही. म्हणून नातेवाइकांनी शांतपणे, आदराने चार प्रश्न विचारावेत :

१. या पाळीत सिस्टरकडे किती रुग्ण आहेत?
२. कूस बदलल्याची नोंद ठेवली जाते का? पाठीची त्वचा कशी आहे?
३. कोणती नळी अजून आवश्यक आहे?
४. आम्ही भेटायला येताना हात कसे स्वच्छ करायचे?

शेवटचा प्रश्न आपल्यासाठीही आहे. घाईत हात न धुता आत शिरणारे आपणच असतो.

आणि एक विनंती. बारा तासांची पाळी करणाऱ्या सिस्टरवर आवाज चढवू नका. माझ्या आईची जखम एका सिस्टरच्या आळसाने झाली नव्हती. त्या रात्रपाळीला पाच रुग्णांमागे एकच सिस्टर होती. हे मला फार उशिरा कळलं. तक्रार करायचीच असेल, तर ती या आकड्याबद्दल आणि व्यवस्थापनाकडे, लेखी करावी.