पदवीचा वारस, जंगलाचा वारस

मंडळी, आजचा विषय वरवर बघितला तर लांबचा आहे. इंग्लंडातल्या लॉर्ड लोकांच्या पदव्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशा जातात? कुरखेड्यात बसून आपल्याला त्याचं काय, असं कुणीही म्हणेल. पण ती रीत समजली की आपल्याकडच्या जमीनदाऱ्यांचं काय झालं, हे नीट कळतं.

इंग्लंडात अर्ल, बॅरन ही पदं सुरुवातीला जमिनीशी बांधलेली होती. राजाने मुलूख द्यायचा, सरदाराने लढाईला माणसं द्यायची. पुढे राजा सनद देऊन पदवी देऊ लागला आणि वारस कोण, हेही त्या सनदेतच लिहिलेलं असे. बहुतेक सनदांत अट एकच : पहिल्या मानकऱ्याच्या पुरुष वंशजांकडेच पदवी जाईल, आधी थोरल्याकडे. नुसत्या मुलीच असल्या की पदवी संपली! जमिनीशी मात्र तिचा संबंध उरला नाही. डेव्हनशायरच्या ड्यूकचा वाडा डेव्हनशायरमध्ये नाही, तो आहे डर्बीशायरमध्ये. १९१९ साली सत्येंद्र प्रसन्न सिन्हा 'रायपूरचे बॅरन' झाले, अशी वंशपरंपरागत पदवी मिळालेले पहिले हिंदी गृहस्थ. हे रायपूर आपल्या शेजारचं नव्हे बरं का, बंगालमधल्या बीरभूमचं.

आता आपल्याकडे या. चांद्याचं गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८५४ मध्ये नागपूरच इंग्रजांकडे गेलं. पण जंगलातला कारभार जमीनदारांच्याच हाती होता. सर्वांत मोठी जमीनदारी अहेरीची. आपल्या या बाजूला पळसगड, गेवर्धा, सोनसरी, कोरची. जमीनदार सरकारला हलकीशी ठरावीक रक्कम भरत, तिला टाकोली म्हणत. इंग्रजांशी वाकडं घेतलं तर काय होतं, तेही या भागाने पाहिलं. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके जमीनदार घराण्यातलेच. २१ ऑक्टोबर १८५८ ला त्यांना चांद्यात फाशी दिली.

१८६३ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी मध्य प्रांतातल्या सगळ्या जमीनदाऱ्यांचा अहवाल तयार केला. पुढे सरकारने प्रतवारी लावली. बस्तर, कांकेर ही संस्थानं ठरली, अहेरी जमीनदारीच राहिली. म्हणजे कोण राजा आणि कोण जमीनदार, याचा निकाल शेवटी सरकारी कागदावर लागला.

वारशाचा नियम असा : जमीनदारीची वाटणी नाही, ती थोरल्याकडे जाईल, धाकट्यांना पोटगी मिळेल, आणि ती विकता येणार नाही. इंग्लंडात पदवी आणि जमीन वेगळ्या झाल्या होत्या. इथे नाव आणि जंगल एकाच गाठीत होतं.

ती गाठ सुटली ३१ मार्च १९५१ ला. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि तिथल्या कायद्याने जमीनदारी संपली. त्याआधीच, २६ जानेवारी १९५० पासून, संविधानाच्या कलम १८ ने सरकारला अशा पदव्या द्यायला मनाई केली होती. इंग्लंडात हे फार सावकाश झालं. टोनी बेन यांचे वडील एकेकाळी भारतमंत्री होते. वडील वारले, लॉर्डपद मुलाकडे आलं आणि त्यामुळे मुलाची लोकसभेसारख्या सभागृहातली जागा गेली. पदवी नको म्हणायला त्यांना १९६३ चा नवा कायदा होईपर्यंत थांबावं लागलं. १९९९ मध्ये ९२ जण सोडून बाकी वंशपरंपरागत लॉर्ड वरिष्ठ सभागृहाबाहेर गेले. त्यांची सत्ता गेली, पण पदव्या राहिल्या. आपल्याकडे कायद्याने जमीनदारीच गेली. अहेरीत लोक आजही 'राजे' म्हणतात, ते प्रेमाने, कायद्याने नव्हे.

मग जंगलाचा वारस कोण झाला? सरकार! मोहफूल, बांबू, जळाऊ लाकूड यांच्यासाठी पूर्वी जमीनदाराच्या माणसाकडे बघावं लागे, नंतर वनरक्षकाकडे. गावाच्या नावाने हक्क यायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

आता याच कायद्यातली एक तरतूद लक्षात ठेवा. वनहक्काची जमीन वारशाने मिळते, पण विकता येत नाही. हा भाग जुन्या जमीनदारीसारखाच आहे. फरक पुढे आहे. तिथे एकट्या थोरल्याचं नाव लागे. इथे लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हायला हवा. हा कायदाच आहे, कुणाची मेहरबानी नाही.

म्हणून घरी गेल्यावर पट्ट्याचा कागद बाहेर काढा आणि त्यावर किती नावं आहेत ते बघा. बाईचं नाव राहिलं असेल तर ग्रामसभेत विषय घ्या. लॉर्डांच्या सनदेत काय लिहावं ते राजा ठरवत होता. या कागदावर काय असावं ते आपल्याला विचारता येतं, आणि विचारायलाच पाहिजे.