हातात फक्त एक पत्र: 'अलोन इन द डार्क'चा डेमो भीती कशी तयार करतो?

हॉरर गेमचा डेमो म्हटलं की आपल्याला काय अपेक्षित असतं? दोन-चार राक्षस, एक बंदूक, एखादा दचकवणारा सीन आणि शेवटी 'प्री-ऑर्डर करा'ची पाटी. 'अलोन इन द डार्क'चा मे २०२३ मध्ये आलेला फुकट डेमो यातलं बरंच काही टाळतो. त्याचं नाव 'ग्रेस इन द डार्क'. तुम्ही ग्रेस सॉन्डर्स नावाची एक लहान मुलगी असता, डरसेटो नावाच्या जुन्या वाड्यात फिरत असता आणि तुमचं काम एकच, एक पत्र पोहोचवायचं. बंदूक नाही, काठी नाही, मारामारी नाही. दहा-पंधरा मिनिटांत खेळ संपतो.

तरीही हा डेमो डोक्यात राहतो. का, ते बघू.

आधी थोडा इतिहास

मूळ 'अलोन इन द डार्क' १९९२ चा. फ्रान्समधल्या इन्फोग्राम्स कंपनीत फ्रेडरिक रेनाल आणि त्याच्या टीमने तो बनवला. 'रेसिडेंट इव्हिल' आला १९९६ मध्ये आणि 'सर्व्हायव्हल हॉरर' हा शब्द त्याच्यामुळे रूढ झाला, पण त्या प्रकाराचा पाया या फ्रेंच गेमने आधीच घातला होता.

ग्रेसही नवीन नाही. १९९३ मध्ये इन्फोग्राम्सने 'जॅक इन द डार्क' नावाचा छोटासा प्रमोशनल गेम काढला होता, त्याची नायिका हीच. म्हणजे तीस वर्षांपूर्वीच्या जाहिरातीतली मुलगी नव्या जाहिरातीत परत आली. जुन्या फॅन्सना हे लगेच कळतं, नव्यांचं काही अडत नाही.

लव्हक्राफ्टची भीती म्हणजे काय?

एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) हा अमेरिकन लेखक. त्याच्या कथा 'वीअर्ड टेल्स'सारख्या स्वस्त मासिकांत छापून यायच्या. आयुष्यभर पैशांची ओढाताण, प्रसिद्धी मिळाली ती मेल्यावर. त्याचे विचार उघड वंशद्वेषी होते, हेही माहीत असलेलं बरं.

त्याच्या कथांतलं भूत सूड घ्यायला येत नाही. तिथे माणूस इतका क्षुल्लक आहे की त्या प्राचीन शक्तींना आपण असलो काय, नसलो काय, फरक पडत नाही. आणि सगळ्यात धोकादायक गोष्ट म्हणजे माहिती. जास्त कळलं की डोकं फिरतं. १९९२ च्या गेममध्ये ही कल्पना थेट वापरली आहे: वाड्यातलं एक पुस्तक चुकीच्या जागी उघडून वाचलं, तर तुम्ही मरता! आपण गेममध्ये दिसेल ते वाचत सुटतो, त्याच सवयीचा सापळा केलाय.

या प्रकारची भीती आपल्याला अगदीच परकी नाही. 'तुंबाड' (२०१८) ची मूळ कल्पना नारायण धारपांच्या एका कथेवरून सुचल्याचं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय. त्यातलं 'हस्तर' हे नावही लव्हक्राफ्टच्या कथाविश्वातल्या 'हस्टूर'च्या अगदी जवळचं आहे.

कॅमेरा कोणाच्या हातात?

आता इंजिनिअरिंगचा भाग. १९९२ च्या पीसीला पूर्ण वाडा थ्रीडीमध्ये दाखवणं झेपणारं नव्हतं. म्हणून खोल्या ही सपाट, आधीच रंगवलेली चित्रं होती आणि फक्त पात्रं व काही वस्तू पॉलिगॉनच्या. प्रोसेसरला फक्त तेवढीच आकडेमोड करायची. पण चित्र सपाट असलं की कॅमेरा फिरवता येत नाही. प्रत्येक खोलीचे ठरावीक अँगल, कधी छतावरून, कधी खिडकीबाहेरून.

गंमत म्हणजे हीच अडचण गेमची ताकद ठरली. कोपऱ्यापलीकडे काय आहे हे पात्राला दिसायला हवं, पण खेळाडूला दिसत नाही. शिवाय, आपल्याकडे कोणीतरी लपून बघतंय असं सतत वाटत राहतं.

नवीन गेममध्ये कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आहे आणि तो तुम्ही फिरवता. म्हणजे जुन्या गेमने काढून घेतलेला ताबा इथे परत मिळाला, भीती कमी व्हायला हवी. मग डेमो दुसरा ताबा काढून घेतो: लढण्याचा. लहान मुलगी, हळू चाल, लाकडाची करकर आणि जेसन कोह्नेनचं संथ, काळोखं जॅझ. दिसतं सगळं, करता काहीच येत नाही. माझ्या मते या डेमोची खरी हुशारी इथे आहे.

डेमोने काय सांगितलं नाही?

पूर्ण गेममध्ये ग्रेस नव्हे, तर एडवर्ड कार्नबी (डेव्हिड हार्बर) किंवा एमिली हार्टवूड (जोडी कोमर) म्हणून खेळायचं असतं, आणि त्यांच्याकडे बंदुका आहेत. कथा लिहिलीय मिकाएल हेडबर्गने, ज्याने 'ॲम्नेशिया' आणि 'सोमा' लिहिले. वातावरण, कोडी, संवाद यांची झलक डेमोत बरोबर मिळते. पण गोळीबार कसा आहे, हे डेमो दाखवतच नाही, आणि रिव्ह्यूमध्ये सर्वाधिक टीका झाली ती नेमकी त्यावर.

पुढचा भाग वाईट आहे. गेमची तारीख ऑक्टोबर २०२३ वरून जानेवारी आणि मग २० मार्च २०२४ वर गेली. विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. जून २०२४ मध्ये, म्हणजे रिलीजनंतर तीनच महिन्यांत, तो बनवणारा स्वीडनचा पीसेस इंटरॅक्टिव्ह स्टुडिओ बंद झाला. इतका नेटका डेमो बनवणारी टीम आज एकत्र नाही.

मग डेमो बघताना काय तपासायचं?

- काय वगळलंय? ॲक्शन गेमच्या डेमोत ॲक्शनच नसेल, तर त्या भागाचा गेमप्ले व्हिडिओ वेगळा शोधून बघा.
- आपल्या मशीनवर चालतोय का? फ्रेम अडकतात का, फॅन किती ओरडतो, हे कुठलाही ट्रेलर सांगत नाही. डेमोचा खरा उपयोग हाच.
- रिफंड लक्षात ठेवा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात.

हा गेम फोनवर येत नाही. पीसी किंवा कन्सोल नसेल, तर कॉमेंट्री नसलेला व्हिडिओ शोधा, हेडफोन लावा आणि खोलीतला दिवा बंद करून बघा. स्पीकरवर बघाल तर अर्धी भीती तिथेच गेली.